भागवता, समुद्राकडे पाठ करू नकोस

समुद्रापासून लांब, म्हणजे खूपच लांब, जिथे पाणी म्हटलं की विहीर नाहीतर टँकर, अशा एका गावात एक भोळा मुलगा राहत होता. त्याचं नाव भागवत. भागवत मूर्ख नव्हता. त्याची आई तसं सगळ्यांना सांगायची. तो फक्त सांगितलेलं ऐकायचा. सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तसंच.

आता तुम्ही म्हणाल, याहून चांगलं मूल आणखी कसं असतं? मलाही तसंच वाटायचं.

भागवत मोठा झाला आणि तालुक्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला गेला. दगड पळत नाहीत, चावत नाहीत, त्यांच्याशी माझ्या लेकराचं जमेल, असं आईचं मत पडलं. आणि खरंच जमलं. दगडांची काही तक्रार नव्हती.

कॉलेजात कुलथे मॅडम शिकवायच्या. समुद्रकाठचे खडक मुलांना एकदा तरी दाखवावेत म्हणून त्या वर्षानुवर्षं प्राचार्यांच्या मागे लागल्या होत्या. यंदा प्राचार्य एकदाचे हो म्हणाले. पण म्हणाले, "मॅडम, मुलं नेताय तशी परत आली पाहिजेत. एकालाही काही झालं, तर पुढच्या वर्षीपासून समुद्र बंद. खडक फळ्यावर काढून दाखवायचे."

मॅडमनी शब्द दिला.

निघायच्या दिवशी भागवतची आई एसटी स्टँडवर आली. तिने दशम्यांचं गाठोडं मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाली, "एकुलता एक आहे, मॅडम. तुम्ही सांगाल ते करील. तेवढं जरा जपून सांगा."

मॅडमना वाटलं, बाई घाईत आहे, तिला 'जपून न्या' म्हणायचं असेल.

कोकणातल्या त्या छोट्या गावात सगळ्यांची सोय रेवाकाकूंच्या घरी केली होती. सामान ठेवून मंडळी किनाऱ्यावर गेली. भागवतने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. बराच वेळ बघितला. मग त्याने विचारलं, "मॅडम, हा भरला कधी?"

"भागवत, ते नंतर. आधी सगळे इकडे ऐका," मॅडम म्हणाल्या. "पहिला नियम. समुद्राकडे पाठ करायची नाही. लाट मागून कधी येते कळतसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले.

"बरं मॅडम, आता चुकणार नाही," भागवत म्हणाला. अजून तो चुकलेला नव्हता, पण म्हणून ठेवलं.

काम आटोपलं. सगळे घराकडे वळले. भागवत वळला नाही. तो समुद्राकडे तोंड करून उलटा चालू लागला. वाळूतून उलटा गेला. सुरूच्या बनातून उलटा गेला. वाटेत एक गाय उभी होती, ती बाजूला झाली. पाणंदीतून वर, काकूंच्या फाटकातून आत, तोही उलटाच. अंगणात काकूंनी चटईवर जवळा वाळत घातला होता. जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी मासळी, नखाएवढी. भागवत त्यात पाठीवर पडला. पडल्यावरही त्याने तोंड समुद्राकडेच ठेवलं.

"अरे मेल्या!" काकू ओरडल्या. "माझो सगळो जवळो! डोळे खंय ठेवलंस रे?"

"समुद्रावर," भागवत म्हणाला.

"चलताना पायाखाली बघूक नको? मान खाली घाल आणि चल!"

मॅडम धावत आल्या. त्यांनी भागवतच्या केसांतला जवळा काढला आणि म्हणाल्या, "काकू सांगतायत ते ऐक जरा. मान खाली. पायाखाली बघायचं."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

आणि खरंच, तो ते विसरला नाही. भागवत कुठलीच सूचना विसरत नसे. घोटाळा एवढाच, की नवीन सूचना हवी असायची तेव्हा त्याच्या हातात आधीची असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम सगळ्यांना कडा दाखवायला घेऊन गेल्या. लालसर जांभ्याचा उंच कडा, खाली पडलेल्या धोंड्यांची रास. मॅडमनी सगळ्यांना लांबच थांबवलं. सगळ्यांनी वर बघितलं. भागवतने मान खाली घातली आणि पायाखाली बघत, एकेक पाऊल जपून टाकत, थेट कड्याच्या बुडाशी जाऊन पोचला. वरून थोडी माती भुरभुरली. भागवतने ती पायाजवळ पडताना बघितली. कारण तो तिथेच बघत होता.

त्याचा वर्गमित्र इर्शाद धावला. त्याने भागवतला दंडाला धरून ओढलं, आणि भागवत उभा होता तिथे नारळाएवढा धोंडा येऊन पडला.

"कसला नेमका पडला!" भागवत म्हणाला.

"नेमका तुझ्या टाळक्यात पडत होता, भावा," इर्शाद म्हणाला.

मॅडमचा चेहरा पांढरा झाला होता. "कड्याखाली मान खाली घालून जातात? दगड वरून येतो ना? मग वर बघायचं! नजर वर! सतत वर!"

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

दुपारी ओहोटी लागली. पाणी मागे सरलं आणि काळा कातळ उघडा पडला. वर हिरवं शेवाळ, मधेमधे डबकी, आणि कडेला कालवं, त्यांच्या धारदार शिंपा खडकाला घट्ट चिकटलेल्या. तिथे कडा नव्हता, झाड नव्हतं, आभाळात एक घारसुद्धा नव्हती. भागवत वर बघत चालला. चार पावलं बरी पडली. पाचवं पडलं नाही, भागवत पडला. डबक्यात बसला. त्या डबक्यात एक खेकडा राहत होता. त्याने भागवतला काय करायचं ते केलं.

"अगं आई गं!" भागवत म्हणाला. पण नजर वरच होती.

मॅडमनी त्याच्या कालवांनी कापलेल्या हाताला पट्टी बांधली. खेकड्याने केलं होतं तिथे पट्टी बांधता येण्यासारखी नव्हती.

"भागवता, शेवाळ असलं की पाय टिकत नाही. उभं चालायचंच नाही. खाली बसायचं, दोन्ही हात टेकायचे, आणि बसल्या बसल्या हळूहळू पुढे सरकायचं. ओलं दिसलं की बसायचं. एवढं लक्षात ठेव."

"ओलं दिसलं की बसायचं. बरं मॅडम, आता चुकणार नाही."

संध्याकाळी रेवाकाकू सगळ्यांना देवळात घेऊन गेल्या. आरतीची वेळ होती. गुरवाने नुकतीच सभामंडपाची फरशी धुतली होती. फरशी ओली होती. भागवत बसला. दोन्ही हात टेकले आणि दारापासून गाभाऱ्यापर्यंत हळूहळू सरकत निघाला.

ढोल थांबला. गुरवाने इर्शादला हळूच विचारलं, "नवस बोललाय का हा?"

"नाही हो, भूगर्भशास्त्र शिकतोय," इर्शाद म्हणाला.

तेवढ्यात मागून दोन म्हाताऱ्या आल्या. त्यांनी भागवतकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि पदर खोचून त्याही बसल्या. पद्धत असेल, म्हणाल्या.

मॅडमना कुठे तोंड लपवावं कळेना. बाहेर आल्या आल्या त्या म्हणाल्या, "अरे, जगात वावरताना चार लोक काय करतात ते बघावं! आणि आपण तसंच करावं! आपलंच डोकं चालवू नये!"

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

तिसऱ्या दिवशी मॅडम सगळ्यांना घेऊन सड्यावर चढल्या. सडा म्हणजे कड्याच्या माथ्यावरचं सपाट पठार. टोकापासून बऱ्याच अलीकडे थांबून त्या सांगू लागल्या, "हा जांभा वरून घट्ट दिसतो, पण टोकाशी खालून पोखरलेला असतो. माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. म्हणून आपण इथेच थांबायचं."

पण टोकावर कुणीतरी होतं. कुठल्याशा शहरातून आलेले पर्यटक, मोबाइल काढून फोटो काढत होते. एक जण तर एक पाय बाहेर हवेत धरून उभा होता. भागवतने त्यांना मोजलं. चार लोक होते. तो जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानेही एक पाय हवेत धरला.

"दादा, आमचा सगळ्यांचा एक काढता का?" त्यांतल्या एकाने मोबाइल पुढे केला. "थोडे मागे जा हां. अजून थोडे मागे."

भागवत कड्याच्या कडेकडेनेच मागे जाऊ लागला.

मॅडमना ओरडता येईना. ओरडलं आणि दचकला तर? त्या पोटावर आडव्या झाल्या, साडीची पर्वा न करता सरपटत पुढे गेल्या, आणि भागवतचा पट्टा मागून धरून त्याला ओढत ओढत अलीकडे घेऊन आल्या. मग तिथेच बसून राहिल्या. आणि बोलल्या तेव्हा काय म्हणाल्या?

"लोक विहिरीत उड्या मारतील, म्हणून तूही मारणार का रे?"

हे वाक्य मॅडम कुठे शिकल्या नव्हत्या. ते शिकावं लागत नाही, वेळ आली की आपोआप तोंडातून येतं.

"चार लोक काय करतात ते—" भागवत म्हणाला.

"चार लोक गेले खड्ड्यात! धोका दिसला की जवळ जायचं नाही! लांब उभं राहायचं आणि लांबून बघायचं. बस्स! दुसरं काही करायचं नाही!"

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

त्या दुपारी किनाऱ्यावर काम होतं. मॅडम म्हणाल्या, याला आता कुठेच नको न्यायला. सगळ्यांच्या पिशव्या, डबे आणि गोळा केलेले दगड वाळूवर मांडले आणि भागवतला राखणीला ठेवलं. "सामान सांभाळ. आम्ही त्या खडकापर्यंत जाऊन येतो."

पाणी चढायला लागलं. एक लाट सामानापासून बरीच लांब थांबली. दुसरी आणखी जवळ आली. भागवतला धोका दिसला. तो लगेच उठला, लांब जाऊन उभा राहिला आणि बघू लागला.

आधी मॅडमचा डबा तरंगला. मग इर्शादची सॅक गेली. मग दशम्यांचं गाठोडं. दगडांच्या पिशव्या तरंगल्या नाहीत. त्यांत दगड होते.

सगळे परत आले तेव्हा भागवत तसाच उभा होता, हाताची घडी घालून.

"आणि तू काय करत होतास?" इर्शादने विचारलं.

"बघत होतो."

"नुसता बघत होतास?"

"लांबून."

मॅडम मात्र चिडल्या नाहीत. चिडण्याच्या पलीकडे गेलेली माणसं बोलतात तशा त्या शांतपणे बोलल्या. "हे बघ बाळा. पाणी जवळ आलं, की वस्तू उचलायची. मागे नेऊन ठेवायची. पाणी परत जवळ आलं, की परत उचलायची, आणखी मागे न्यायची. काही झालं तरी पाणी लागू द्यायचं नाही. कळलं ना?"

"कळलं मॅडम. आता चुकणार नाही."

सूचना चांगलीच होती. तिच्यात काही खोट काढता येत नाही. मी बराच प्रयत्न करून बघितला.

शेवटचा दिवस उजाडला. आतापर्यंत सगळे धडधाकट होते. एक खेकडा आणि थोडा जवळा सोडला, तर प्राचार्यांना सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. आता एकच जागा उरली होती. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या नाकाला वळसा घालून गेलं, की पलीकडे एक बारकी घळ होती. तिच्या तिन्ही बाजूंना कडा होता आणि चौथ्या बाजूला समुद्र. काळ्या कातळातून आरपार गेलेला पांढऱ्या दगडाचा पट्टा फक्त तिथे दिसायचा. आणि तिथे फक्त ओहोटीतच जाता यायचं.

रेवाकाकूंचे यजमान, गणपततात्या, मासेमारी करायचे. त्यांनी बजावलं, "जावा, पण भरती लागली की येळ काढू नकात. नाकाडाकडली वाट एकदा बुडाली की परतीचा रस्ता बंद."

मॅडमना स्वतःची खोड माहीत होती. दगड दिसला की त्यांना घड्याळ दिसत नसे. घळीत मोबाइलही लागत नव्हता. म्हणून त्यांनी पहारा ठेवायचं ठरवलं. पहाऱ्याला कोण? भागवत. घळीत नेला तर काय करील सांगता येत नव्हतं. त्यापेक्षा अलीकडच्या कोरड्या वाळूवर बसलेला बरा. त्यांनी स्वतः भोपळ्याएवढा एक काळा दगड शोधला, लाटेने हलणार नाही असा, आणि वाळूत नीट जागा बघून ठेवला. भागवतच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

"भागवता, या दगडाला पाणी लागलं, की शिट्टी वाजवायची. जोरात. तेव्हा निघालो तरी आम्ही सुखरूप बाहेर येतो. नीट सांग बघू, काय करायचं?"

"दगडाला पाणी लागलं की शिट्टी वाजवायची."

"शाब्बास. आमचा सगळ्यांचा जीव तुझ्या हातात आहे हो."

"बरं मॅडम. आता चुकणार नाही."

घळीतला तो पांढरा पट्टा फारच सुंदर होता. मॅडम त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि बोलत सुटल्या. मुलं चित्रं काढू लागली. बराच वेळ गेला.

"मॅडम," इर्शाद म्हणाला, "माझ्या बुटात पाणी आलंय."

"शिट्टी वाजली का?"

"नाही."

"मग डबक्यात पाय पडला असेल तुझा. तर हा जो पट्टा आहे—"

थोड्या वेळाने विद्या नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी घोट्याच्या वर आलंय हो."

"पण शिट्टी नाही ना वाजली?"

"नाही वाजली."

"मग अजून वेळ आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचेही घोटे पाण्यातच होते.

मग एक लाट आली आणि सगळ्यांना कमरेपर्यंत भिजवून गेली. मॅडमनी वळून बघितलं. नाकाडाकडली वाट नव्हती. तिथे फेस उसळत होता.

कड्याला पुरुषभर उंचीवर एक अरुंद कंगोरा होता. मॅडमनी एकेका मुलाला खालून ढकलून त्यावर चढवलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः चढल्या. कालवांनी सगळ्यांचे गुडघे फाटले. सगळे कड्याला पाठ लावून उभे राहिले. खाली पाणी आपटत होतं, दर लाटेगणिक थोडं वर येत होतं. विद्या रडायला लागली. मॅडम पुन्हा पुन्हा डोकी मोजत होत्या. प्रत्येक डोक्यामागे घरी बसलेली एक आई त्यांना दिसत होती.

आणि एक डोकं इथे नव्हतंच. शिट्टी वाजली नव्हती. भागवत शिट्टी वाजवायचं विसरणारा मुलगा नव्हता. मग त्याला शिट्टी वाजवता का आली नाही? मॅडमच्या मनात जे आलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. इर्शादच्याही मनात तेच आलं होतं. त्यानेही सांगितलं नाही.

गणपततात्या जाळी उचलून होडीने परतत होते, म्हणून बरं. त्यांना कड्यावर ओळीने बसलेली रंगीबेरंगी पाखरं दिसली. जवळ गेले तर ती रडत होती.

"अरे झिलांनो, हंय काय करताय?" तात्या ओरडले आणि होडी कंगोऱ्याखाली घातली. लाट वर आली की एकाने उतरायचं, असं करत त्यांनी सगळ्यांना होडीत घेतलं.

होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच मॅडमनी पाण्यात उडी टाकली. भागवतला बसवलं होतं ती वाळू उरलीच नव्हती. तिथे समुद्र होता. दगड नव्हता. भागवत नव्हता.

"भागवता!" मॅडमनी हाक मारली. "भागवता रे!"

त्या ओल्या साडीत सुरूच्या बनातून धावल्या. मागून इर्शाद, मागून सगळी मुलं. बनाच्या टोकाला रेवाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काकू, आमचा भागवत—"

"तुमचो भागवत ना? मघापासून बघतंय मी त्येका. धोंडो उचलतो, चार पावलां चलतो, ठेवतो, समुद्राकडे बघतो. परत उचलतो. बाय, त्येका बरां नाय काय गो?" आणि त्यांनी बंधाऱ्याकडे बोट दाखवलं.

उंच बंधाऱ्यावर, भरतीचं पाणी कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी, भागवत बसला होता. घामाने चिंब. हात सोललेले. मांडीवर तो भोपळ्याएवढा काळा दगड, त्यावर पांघरलेला त्याचा सदरा. शिट्टी तोंडात तयार.

मॅडम त्याच्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी त्याचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले. धड होता. मग त्यांना रडू आलं, आणि मग राग आला, आणि मग दोन्ही.

"शिट्टी का नाही वाजवलीस रे? आम्ही सगळे बुडत होतो तिकडे! शिट्टी का नाही वाजवलीस?"

भागवतने तोंडातली शिट्टी काढली.

"दगडाला पाणी लागलं की वाजवायची होती ना, मॅडम?" तो म्हणाला. "फार वेळा अगदी लागणार होतं. पण मी लागू दिलं नाही." त्याने सदरा बाजूला केला. "हात लावून बघा. एक थेंब नाही."